दोन बाटल्या, एकच लेबल: मोलिब्डेनम कार्बाइड कसं बनवलं यावर इतका फरक का पडतो?

नळीभट्टी | १२ जून, रात्री ११:०५

मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय म्हणून धागा काढतोय. पीएचडीचं दुसरं वर्ष. काम असं: कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन घ्यायचा, त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि पाणी काढायचं. उत्प्रेरक मोलिब्डेनम कार्बाइड, दोन मोलिब्डेनमला एक कार्बन असलेलं. लॅबमध्ये आम्ही नुसतं 'मोलीकार्ब' म्हणतो.

माझ्याकडे त्याच्या दोन बाटल्या आहेत. दोन्ही एकाच डब्यातल्या मोलिब्डेनम ट्रायऑक्साइडपासून, १०-१० ग्रॅम घेऊन केलेल्या. गॅसही तोच, हायड्रोजनमध्ये २० टक्के मिथेन. 'अ' घाईत झाली: मिनिटाला १० अंश, थेट ८०० पर्यंत, तिथे चार तास. 'ब' मी निवांत केली: ३०० पर्यंत भरभर, पुढे मिनिटाला १ अंश, ६७५ ला दोन तास थांबलो. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासतात ती चाचणी) दोन्हींना ३४.४, ३८ आणि ३९.४ अंशांना तेच तीन पीक. 'अ'चे सुईसारखे टोकदार, 'ब'चे बसके आणि रुंद. बाकी काही नाही. "एकच पदार्थ आहे, पुढे चला," असं मला सांगण्यात आलं.

पुढे गेलो. रिअॅक्टरमध्ये ४०० अंशांना 'ब' मस्त चालतेय आणि 'अ' झोपलीय. वजन तेच, फ्लो तोच, आणि 'ब' साधारण १४ पट जास्त काम करते. बीईटी, म्हणजे पृष्ठफळाची मोजणी, करून घेतली: 'अ' ९ चौ.मी. प्रति ग्रॅम, 'ब' ६२.

एक कबुलीही देतो. त्याआधी एक बॅच भट्टी थंड झाल्या झाल्या सरळ बाहेर काढली होती. पावडर कडेने लाल होत गेली, उदबत्तीच्या टोकासारखी. दोन मिनिटांत आठवड्याचं काम राख. तेव्हापासून पॅसिव्हेशन करतो, म्हणजे पृष्ठभागावर आधीच थोडा ऑक्सिजन बसू देतो, हवेत पेटू नये म्हणून: नायट्रोजनमध्ये १ टक्का ऑक्सिजन, खोलीच्या तापमानाला रात्रभर.

प्रश्न एकच. सूत्र तेच, स्फटिकरचना तीच, मग बनवण्याच्या पद्धतीत नेमकं काय घडतं?

दुपारचा_चहा | १२ जून, रात्री ११:३१

कार्बाइड म्हटलं की मला मार्केट यार्डातल्या आंब्याच्या पेट्याच आठवतात. तेच का हे?

नळीभट्टी | १२ जून, रात्री ११:३८

नाही हो. ते कॅल्शियम कार्बाइड. दमट हवेत त्यातून अॅसिटिलीन सुटतो आणि त्याने आंब्याला रंग चढतो. फळं पिकवायला त्यावर बंदी आहे. माझं कार्बाइड पाण्यात टाकलं तर तसंच बसून राहील. यात कार्बनचे अणू धातूच्या अणूंमधल्या फटींत जाऊन बसलेले असतात, त्यामुळे हे कडकही असतं आणि वीजही वाहून नेतं.

भोसरीचा_टर्नर | १३ जून, सकाळी ७:१२

आमच्याकडे कार्बाइड म्हणजे टंगस्टनचं. लेथच्या इन्सर्टचं, कापायच्या टिपेचं. टंगस्टनची पावडर आणि काजळी मिसळून १४०० ते १६०० अंशांना भाजायची, मग कोबाल्टबरोबर दाबून सिंटर करायची, म्हणजे भाजून घट्ट एकजीव करायची. जर्मनीत १९२३ मध्ये श्र्योटरने हे जमवलं, क्रुपने 'विडिया' नावाने बाजारात आणलं, म्हणजे 'हिऱ्यासारखं'. आमचे जुने फोरमन अजूनही कुठल्याही कंपनीच्या टिपेला 'विडिया'च म्हणतात.

दादा, तुम्हाला पाहिजे तो माल आमच्या उलटा दिसतोय. आम्हाला एकही भोक नको, तुम्हाला भोकंच भोकं. मग आमच्यासारखी भट्टी तापवून कसं चालेल?

जुनी_प्रयोगशाळा | १३ जून, दुपारी ३:४०

टर्नर, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण या विषयावर गप्प बसवत नाही. नळीभट्टी, तुला अरे-तुरे करते, चालेल ना?

आधी थोडा इतिहास, कारण तुझा गोंधळ त्यातूनच आलाय. १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या लेव्ही आणि बुदार यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की टंगस्टन कार्बाइड काही अभिक्रियांत प्लॅटिनमसारखं वागतं. निओपेंटेनची साखळी मोडून न टाकता ते तिची आयसोपेंटेन अशी नवी मांडणी करतं. तेव्हापासून जगभर एकच स्वप्न: महाग प्लॅटिनमच्या जागी स्वस्त कार्बाइड. आणि तेव्हापासूनच एकच रडगाणं: एकाच्या प्रयोगशाळेत चालतं, दुसऱ्याकडे नाही. कारण टर्नर म्हणतात त्या पद्धतीने केलेल्या पावडरीचं पृष्ठफळ नगण्य असतं. हिशोब करून बघ. टंगस्टन कार्बाइडची घनता १५.६. एक मायक्रॉनचा कण धरला तर ग्रॅमला अर्धा चौरस मीटरही भरत नाही. उत्प्रेरकाचं सगळं काम पृष्ठभागावर, आणि पृष्ठभागच नाही!

बुदारांच्याच गटाने ऐंशीच्या दशकात यावर जो उपाय काढला, तो तू 'ब'मध्ये नकळत केलास. धातू आणि काजळी भाजण्याऐवजी ऑक्साइडवरून हायड्रोजन-मिथेन सोडायचा आणि तापमान मुंगीच्या पावलाने वाढवायचं. आत काय होतं ते सांगते. ट्रायऑक्साइडचा आधी डायऑक्साइड होतो, मग त्यातला ऑक्सिजन निघत जातो आणि कार्बन शिरत जातो. एक मोल ट्रायऑक्साइड म्हणजे १४४ ग्रॅम, घनता ४.७, आकारमान साधारण ३०.६ घन सें.मी. त्यातून उरणारं कार्बाइड १०२ ग्रॅम, घनता ९.१, आकारमान ११.२. म्हणजे घनपदार्थ जेमतेम ३७ टक्के जागा व्यापतो. कणाचा बाहेरचा आकार टिकला तर उरलेली ६३ टक्के जागा छिद्रांची झाली. तुझं ६२ चौरस मीटर या छिद्रांतून आलंय.

दिवाळीत अनारसे तळलेस का कधी? मंद आचेवर ठेवलास तर जाळी पडते, आच मोठी केलीस तर दडस होतो. तुझी 'अ' बॅच दडस झालेला अनारसा आहे.

आता दडस का होतो, तर पाण्यामुळे. हे कुणी सांगत नाही. निघणारा प्रत्येक ऑक्सिजन वाफ बनून बाहेर पडतो. भरभर तापवलंस तर सगळी वाफ एकदम सुटते, आणि गरम वाफेत बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. म्हणून रॅम्प (तापमान वाढवायचा वेग) हळू, गॅसचा फ्लो भरपूर, आणि बोटीत, म्हणजे पावडर ठेवायच्या नावेसारख्या भांड्यात, थर पातळ. माझ्या पहिल्या विद्यार्थ्याने रॅम्प अगदी हळू ठेवला होता, पण बोटीत थर मात्र बोटभर जाड. वरची पावडर उत्तम निघाली, तळाची 'अ'सारखी. दोन महिने आम्हाला वाटत होतं बीईटीचं यंत्र बिघडलंय.

दुसरी गोष्ट, ८०० अंश. त्या तापमानाला कार्बाइडवर मिथेन फुटून नुसता कार्बन साचतो. तो काजळीसारखा पृष्ठभागावर बसतो आणि एक्सआरडीत बहुतेक वेळा दिसतच नाही, कारण त्याची रचना विस्कळीत असते. वजन केलं होतंस का? ट्रायऑक्साइडचं पूर्ण कार्बाइड झालं तर वजन २९.२ टक्के घटायला हवं. १० ग्रॅमचे ७.०८.

नळीभट्टी | १३ जून, रात्री ९:१८

मॅडम, अरे-तुरेच करा.

वही काढली. 'अ' ७.४१ ग्रॅम, 'ब' ७.१६. म्हणजे 'अ'मध्ये तिसरा हिस्सा ग्रॅम फुकटचा कार्बन? आणि मी तो वजनात धरून उत्प्रेरक म्हणून रिअॅक्टरमध्ये भरत होतो!

जुनी_प्रयोगशाळा | १३ जून, रात्री ९:५०

निदान तेवढा. जास्तही असेल. भरभर तापवताना थोडा ट्रायऑक्साइड उडून जातो, तो वितळतोच ७९५ ला आणि त्याच्या बराच आधीपासून उडायला लागतो. नळीच्या थंड टोकाला फिकट पिसांसारखे स्फटिक दिसले होते का? दिसले असतील तर तेवढं वजन तिकडे गेलं आणि त्याची जागा कार्बनने भरून तुला फसवलं. आणि 'ब'चे जास्तीचे ८० मिलिग्रॅम बघून घाबरू नकोस, त्यात पॅसिव्हेशनचा ऑक्सिजन आहे.

कणभर | १४ जून, सकाळी १०:०२

सगळं पटतं, पण एका गोष्टीवर थांबा. १४ पट कशाच्या तुलनेत? ग्रॅमच्या. पृष्ठफळातला फरक जवळपास ७ पट. म्हणजे चौरस मीटरमागे बघितलं तर फरक उरतो फक्त दुप्पट. हा दुप्पट काजळीने सहज समजतो, निम्मी जागा झाकली की झालं. त्यामुळे 'बनवण्याची पद्धत उत्प्रेरकाचं स्वरूप बदलते' वगैरे म्हणायची गरजच नाही. पृष्ठफळ मोजा, उघडी जागा मोजा, हिशोब संपला.

एक्सआरडीतही हेच लिहिलेलं होतं. ६२ चौरस मीटर म्हणजे सुमारे १० नॅनोमीटरचे कण, ९ म्हणजे ७० च्या पुढचे. पीक रुंद का आणि टोकदार का, याचं उत्तर तिथेच होतं. "एकच पदार्थ" म्हणणाऱ्याने पीकची जागा बघितली, रुंदी नाही.

राइनकाठ | १४ जून, संध्याकाळी ६:२५ (भारतीय वेळ)

कणभर, पृष्ठफळापुरतं तुमचं बरोबर. पण पद्धतीने स्फटिकरचनाच बदलते तेव्हा काय करणार?

हाच ट्रायऑक्साइड आधी अमोनियात तापवा, त्याचा नायट्राइड होतो. मग त्यावरून मिथेन-हायड्रोजन सोडा. नायट्रोजन जातो, कार्बन त्याच जागी बसतो, आणि मिळतं ते तुमच्या बाटल्यांतलं नेहमीचं षट्कोनी नाही तर घनाकृती जाळीचं कार्बाइड, ज्यात कार्बनचं प्रमाण जास्त. ली, ओयामा आणि बुदार यांनी १९८७ मध्ये हे छापलं आणि पृष्ठफळ २०० चौरस मीटरच्या आसपास नेलं. धातूचे अणू नायट्राइडमध्येच तशा मांडणीत असतात, कार्बन नुसता भाडेकरू बदलावा तसा येतो. तेच घर जास्त तापवलं तर ते कोसळून नेहमीचं षट्कोनी होतं. म्हणजे हा पदार्थ 'स्थिर' नाहीच, तो फक्त वाटेने गेलात म्हणून भेटतो. मिथेनऐवजी ब्युटेन वापरलं तर अमोनियाशिवायही तिथे पोचता येतं, शिवाय तापमानही कमी लागतं.

आणि त्याने फरक पडतो. २०१७ मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या डिंग मा यांच्या गटाने घनाकृतीवर प्लॅटिनम बसवून मिथेनॉल आणि पाण्यातून १५० ते १९० अंशांना हायड्रोजन काढला. षट्कोनीवर तेच प्लॅटिनम खूप मागे पडलं. त्याच वर्षी सोन्याचे पातळ पुंजके त्याच घनाकृतीवर बसवले, तर ३० अंशांच्या आसपासच पाण्याचा रेणू तुटायला लागला. इथे चौरस मीटरचा हिशोब पुरत नाही.

जाता जाता एक सूचना: पेपर वाचताना अल्फा-बीटा या नावांवर विश्वास ठेवू नका. दोन मोलिब्डेनमला एक कार्बन असलेल्या कार्बाइडला कुणी अल्फा म्हणतं, कुणी बीटा, आणि घनाकृतीलाही अल्फाच. मी एकदा तीन आठवडे चुकीच्या अल्फाच्या मागे होतो. आकृतीतले पीक बघा: ३६.४ आणि ४२.३ ला असतील तर घनाकृती.

दुपारचा_चहा | १४ जून, संध्याकाळी ६:५८

भाडेकरू समजले. पण अमोनिया, मिथेन, हायड्रोजन असे तीन-तीन जीवघेणे गॅस घरात आणण्याऐवजी काही सोपं नाही का?

राइनकाठ | १४ जून, रात्री ८:१०

आहे की. युरिया. शेतात घालता तोच. पोट्सडॅमजवळच्या माक्स प्लांक संस्थेत जोर्दानो, आंतोनिएत्ती वगैरे मंडळींनी २००८ मध्ये केलेली गंमत: मोलिब्डेनम क्लोराइड अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, युरिया घालायचा, काचेसारखा चिकट गोळा होतो, तो नायट्रोजनमध्ये ८०० पर्यंत तापवायचा. युरिया कमी घातला तर नायट्राइड, जास्त घातला तर कार्बाइड. नॅनोकण मिळतात, ज्वलनशील गॅस लागत नाही. पण कार्बनचा स्रोत पावडरीच्या आतच असल्यामुळे उरलेला कार्बन साफ करायची डोकेदुखी आलीच. विजेवर हायड्रोजन काढायच्या इलेक्ट्रोडला तो कार्बन उलट उपयोगी पडतो, करंट वाहून नेतो. नळीभट्टींच्या गॅसच्या कामात तो अडगळ.

आणखी एक ऐकून ठेवा. अमेरिकेत एमआयटीत हंट आणि रोमान-लेश्कोव यांनी ऑक्साइडच्या कणांना आधी सिलिकाचं कवच चढवलं, मग कार्बाइड केलं, मग कवच उतरवलं. कण एकमेकांना भेटलेच नाहीत तर चिकटणार कुठून? १ ते ४ नॅनोमीटरचे टंगस्टन कार्बाइड त्यांनी असे मिळवले, आणि काजळीही कवचावर राहिली. कवच उतरवायला फ्लोराइडची रसायनं लागतात, तेवढं मात्र घरी करू नका.

भोसरीचा_टर्नर | १४ जून, रात्री ८:४५

म्हणजे मोदकाला उकडताना पान गुंडाळायचं, चिकटू नये म्हणून. भारी.

कणभर | १५ जून, सकाळी ९:३०

राइनकाठ, घनाकृतीचा मुद्दा मान्य. तरीही मूळ शंका कायम. तुम्ही पहाटेपर्यंत जागून नाजूक पृष्ठभाग तयार करता आणि रिअॅक्टरमध्ये ४०० अंशांना कार्बन डायऑक्साइड सोडता. तो पहिल्या तासात पृष्ठभागावर ऑक्सिजन ठेवून देतो. ऑक्सफर्डमध्ये माल्कम ग्रीन यांच्या गटाने नव्वदच्या दशकात मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या अभिक्रियेसाठी हीच कार्बाइडं वापरली: वातावरणाच्या दाबाला ती हळूहळू धातूचा डायऑक्साइड होऊन मेली, ८ बारला टिकली. म्हणजे पृष्ठभाग काय असेल ते गॅस ठरवतो, तुमची भट्टी नाही. पद्धतीची आठवण कशाला राहील?

जुनी_प्रयोगशाळा | १५ जून, दुपारी ४:१५

आठवण राहते, कणभर. टंगस्टनवरच राहते, आणि तीसेक वर्षांपूर्वीच दाखवून झालंय. बुदारांबरोबर रिबेरो आणि इग्लेसिया यांनी ताजं, हवा न लागलेलं टंगस्टन कार्बाइड घेतलं. ते हायड्रोकार्बनच्या साखळ्या कडाकडा मोडत सुटलं. त्याच नमुन्यावर ऑक्सिजन बसवला आणि तेच कार्बाइड साखळी मोडायचं कमी करून तिची नवी मांडणी करायला लागलं. तोच कण, तेच पृष्ठफळ, पण हाती येणारा माल वेगळा! ऑक्सिजनने आम्लाची जागा तयार केली, शेजारी धातूची जागा होतीच, दोघांनी मिळून काम वाटून घेतलं. आता सांगा, रात्रभराचं पॅसिव्हेशन ही 'बनवण्याची पद्धत' की 'गॅसचा परिणाम'? मी तर म्हणते बाटलीचं झाकण उघडणं हीसुद्धा पद्धतच.

तुमचं एवढं मात्र खरं की नळीभट्टीच्या अभिक्रियेत कार्बन डायऑक्साइड सतत ऑक्सिजन ठेवतो आणि हायड्रोजन तो सतत उचलतो. तिथे पॅसिव्हेशनची आठवण लवकर पुसली जाईल. कणाचा आकार आणि काजळी मात्र पुसली जाणार नाही.

कणभर | १५ जून, दुपारी ४:५२

झाकणाचं वाक्य मला लागलं. तरी पैज लावतो: 'अ'ची काजळी काढली तर चौरस मीटरमागे 'अ' आणि 'ब' सारखे येतील.

नळीभट्टी | १५ जून, रात्री १०:०७

पैज मीच करून बघतो. 'अ' आहेच पडून. मॅडम, काजळी काढायची कशी?

जुनी_प्रयोगशाळा | १५ जून, रात्री १०:४०

शुद्ध हायड्रोजन, ६०० च्या वर, आणि बाहेर येणाऱ्या गॅसमध्ये मिथेन मोजत बस. मिथेन जोरात येतो तो काजळीचा. तो ओसरला की थांब. हाव करू नकोस. पुढे गेलास तर हायड्रोजन जाळीतलाच कार्बन खायला लागेल आणि एक्सआरडीत ४०.५ अंशांना धातूचा पीक उगवेल. आणि एक, काढल्यावर बाहेर काढू नकोस. त्याच नळीत, हवा न दाखवता, थेट अभिक्रियेचा गॅस सोड. दोन्ही बाटल्यांवर तेच कर, नाहीतर परत सफरचंद आणि सीताफळाची तुलना.

नळीभट्टी | ६ जुलै, रात्री १:२०

उशीर झाला, मधे हायड्रोजनचा सिलिंडर संपला होता आणि पुढचा यायला दहा दिवस लागले.

निकाल असा. 'अ'वर ६२० अंशांना हायड्रोजन: मिथेन आला, चांगला आला, सुमारे पावणेदोन तासांनी ओसरला. 'ब'वर त्याच पद्धतीने अगदी थोडा. दोन्हींवर लगेच अभिक्रिया. ग्रॅममागचा फरक १४ पटीवरून ८ वर आला. साफसफाईनंतर बीईटी परत केली तर 'अ' ९ ऐवजी ८, 'ब' ६०. म्हणजे पृष्ठफळातला फरक साडेसात पट. कणभर, पैज तुम्ही जवळपास जिंकलात.

पण एक गोष्ट जुळत नाही. पॅसिव्हेट केलेली 'ब' तशीच भरली तर पहिले तीन तास तिचा वेग हळूहळू चढत जातो, मग सपाट. न पॅसिव्हेट केलेली पहिल्या मिनिटापासून सपाट, आणि तिचा सपाट आकडा पॅसिव्हेट केलेलीच्या सपाट आकड्यापेक्षा थोडा वरच. पाच तासांनीही ती दरी भरली नाही.

कणभर | ६ जुलै, सकाळी ८:४४

तीन तास चढत जाणं समजतं, हायड्रोजन ऑक्सिजन उचलतोय. पण दरी उरली म्हणजे काही ऑक्सिजन ४०० ला निघतच नाही, आत शिरलेला आहे. म्हणजे रात्रभर ठेवलंत ते जास्त झालं. ठीक आहे, अर्धी पैज हरलो.

राइनकाठ | ६ जुलै, दुपारी १:१५

पॅसिव्हेशनची वेळ बदलून बघा: एक तास, तीन तास, रात्रभर. वेळ कमी तशी दरीही कमी होत गेली तर उत्तर मिळालं. बाटल्या वाढतील, तेवढं लेबलवर नीट लिहा.

नळीभट्टी | ६ जुलै, रात्री ११:५५

लेबलं बदलली. आधी फक्त नाव आणि तारीख असायची. आता प्रिकर्सर (मूळ कच्चा माल), थराची जाडी, रॅम्प, फ्लो, शेवटचं तापमान, पॅसिव्हेशनचे तास, सगळं. बाटलीवर मावत नाही म्हणून दोऱ्याने कागद बांधलाय, वाण्याच्या पुडीसारखा. नवी बॅच भट्टीत आहे, मिनिटाला अर्धा अंश. पहाटे सव्वापाचला पोचेल.

दुपारचा_चहा | ७ जुलै, रात्री १२:०३

तोवर जागंच राहणार असाल तर धाग्यावर या. मला अजून सोन्याच्या पुंजक्यांबद्दल विचारायचंय.